१९५८च्या रॅलेचा वाकलेला चिमटा

दुरुस्तीसाठी सायकल उतरवताना ताईंचं पहिलं वाक्य होतं, "दादा, बाबांची सायकल आहे. जमेल तेवढं जुनंच ठेवा." दुसरं वाक्य मुलाबद्दल होतं. तो उतारावरून येत होता, पाऊस पडून गेला होता, पुढचा ब्रेक लागलाच नाही आणि चाक सिमेंटच्या कठड्यावर समोरासमोर आपटलं. तळहात खरचटले, तेवढ्यावर निभावलं. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर पाणी असलं की ब्रेकचे रबर नुसते घसरत राहतात, त्यामुळे त्यात त्या मुलाची चूक म्हणता येणार नाही. काळजीची गोष्ट वेगळीच होती. आपटल्यानंतर सायकल तशीच दोन आठवडे वापरात होती. "हँडल जरा जड झालंय" एवढीच त्याची तक्रार होती.

सायकल इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची, २६ x १⅜ चाकांची, तीन गिअरची. मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्टर्मी-आर्चर (कंपनी), एडब्ल्यू (मॉडेल) आणि ५८ हे ठसे स्वच्छ वाचता येत होते. हब बनवणारी ही कंपनी त्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकायची, म्हणून हब १९५८चा हे नक्की. हब मधे कधी बदलला नसेल तर सायकलही त्याच सुमाराची. रंग मूळचा, जागोजाग उडालेला, पण वर दुसरा हात मारलेला नव्हता. अशी न रंगवलेली सायकल हाती आली की मला आधी आनंद होतो. रंगाखाली काहीच लपत नाही.

बाजूने पाहिल्यावर दुखणं लगेच दिसलं. पुढचं चाक मागे सरकलं होतं. मडगार्ड आणि फ्रेमची खालची नळी यांच्यात जेमतेम बोटभर जागा उरली होती, आणि हँडल वळवून पेडल फिरवलं की बुटाचं टोक मडगार्डला घासत होतं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे (फोर्कचे) दोन्ही पाय क्राउनच्या, म्हणजे ते जिथे वर जोडले जातात त्या भागाच्या, खाली तीनेक बोटांवर मागे झुकले होते. चाकात मात्र फारसा दोष नव्हता, दोन-तीन मिलिमीटर आउट, स्पोक ओढून निघण्याजोगा. मी ताईंना म्हणालो, "पाय वाकलेत. लोखंड आहे, सरळ होतील." हे मी घाईने बोललो. चिमटा सायकलमधून बाहेर काढल्याशिवाय असं कुणाला सांगू नये, कारण जो भाग सगळ्यात जास्त ताण घेतो तो हेड ट्यूबच्या, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या, आत दडलेला असतो.

हँडल जड का झालं

हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा निर्णय या हिशोबावर उभा आहे. हेड ट्यूबची तिरकी रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती एका ठिकाणी टेकते. चाक जमिनीला टेकतं ते ठिकाण त्याच्या जरा मागे असतं. या दोन ठिकाणांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. चिमट्याचे पाय खाली पुढच्या बाजूला वळवलेले असतात. त्या झोकामुळे एक्सेल स्टिअररच्या (चिमट्याच्या हेड ट्यूबमध्ये शिरणाऱ्या नळीच्या) रेषेच्या पुढे जातो आणि ट्रेल बेताचा राहतो. झोक कमी झाला की ट्रेल वाढतो. मग हँडल हळू वेगाला एका बाजूला पडू पाहतं आणि वळवायला जोर लागतो.

चिमटा बाहेर काढून स्टिअरर दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) आडवा ठेवला आणि सपाट पृष्ठापासून स्टिअररच्या मध्याची आणि एक्सेलच्या मध्याची उंची मोजली. दोन्हींतला फरक म्हणजे झोक. तो ३२ मिमी भरला. याच जातीचा धड चिमटा पुढे हाती आला तेव्हा त्याचा झोक ६० मिमी निघाला. टायरसकट चाकाची त्रिज्या ३३० मिमी आणि हेडचा कोन ७२ अंश धरला तर ६० मिमी झोकाला ट्रेल सुमारे ४४ मिमी येतो आणि ३२ मिमीला सुमारे ७४. मुलाला हँडल "जरा जड" वाटत होतं ते याच तीस मिलिमीटरमुळे.

जिथे बोट पोचत नाही तिथे

चिमटा काढण्याआधी मी हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं होतं. सरळ दिशेला मोकळं, डावीकडे अर्ध्यावर अडकल्यासारखं, मग पुन्हा मोकळं. हेड ट्यूबच्या तोंडाशी छर्ऱ्यांची वाटी असते; तिच्यात खड्डे पडले असतील तर अडकणं बहुतेक बरोबर मधोमध येतं, हँडल खाचेत बसल्यासारखं. एका बाजूला आवळ आणि दुसऱ्या बाजूला सैल असेल तर संशय नळीवर घ्यावा. वाकलेली नळी फिरताना तिच्यावरचा कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात ती शंकूसारखी कडी, वाटीत तिरका फिरतो.

लॉकनट, लॅम्प ब्रॅकेट आणि वरचा कोन सोडवून चिमटा खाली ओढला. छर्रे सुटे होते, ५/३२ इंचाचे, वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतलेले. स्टिअरर रॉकेलने पुसून त्याला स्टीलची पट्टी लावली आणि मागे दिवा धरला. वरच्या तीन-चतुर्थांश लांबीत पट्टी चिकटून बसली. तळाशी, कोनाच्या अगदी वर, उजेडाची एक बारीक फट दिसली. चिमटा फिरवत चारी बाजूंनी पट्टी लावली. फट एकाच बाजूला येत होती, पुढच्या. फट मोजायच्या फीलर गेजचं ०.५ मिमीचं पातं तिच्यात गेलं.

अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण समोरून धक्का बसतो तेव्हा चिमट्यावर येणारा वाकवण्याचा जोर एक्सेलपासून वर वाढत जातो आणि क्राउनपाशी, खालच्या बेअरिंगच्या जागी, सर्वांत जास्त होतो. रोज पुढचा ब्रेक दाबला तरी तोच जोर त्याच जागी येतो. म्हणून जुन्या सायकलींत तिथे नळी मुद्दाम जाड ठेवलेली असते. ती जाड नळीही वाकली आहे, म्हणजे त्या जागेने आपल्या ताकदीबाहेरचं काहीतरी एकदा सोसलं आहे.

खालचा कोन पंचने गोल फिरत ठोकून वर काढला आणि त्याची बैठक उघडी केली. मोजली तर २६.४ मिमी. बैठक संपते तिथे नळीवर एक पायरी असते, आणि अशी तीक्ष्ण पायरी म्हणजे चीर सुरू व्हायची आवडती जागा. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. नखाला लागत नव्हतं.

मग डाय पेनिट्रंट, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणारा रंग, वापरलं. जागा सॉल्व्हंटने पूर्ण तेलमुक्त केली, लाल रंग मारून पंधरा मिनिटं तसाच ठेवला. नंतर कोरड्या फडक्याने पुसला आणि शेवटचा हात सॉल्व्हंटने ओलसर केलेल्या फडक्याने फिरवला. इथे सॉल्व्हंट थेट फवारायचं नाही, नाहीतर चिरेत गेलेला रंगही धुऊन जातो आणि खोटा दिलासा मिळतो. वर पांढरा डेव्हलपर फवारला. दोन मिनिटांनी पायरीच्या पुढच्या बाजूला पांढऱ्यावर एक गुलाबी रेषा उमटायला लागली. आधी केसाएवढी, मग जरा ठळक. साधारण ९ मिमी लांब. पुन्हा धुऊन दुसऱ्यांदा केलं. तीच रेषा, त्याच जागी.

पुढची बाजू हे बरोबर जुळत होतं. चाक मागे ढकललं जातं तेव्हा नळीची पुढची बाजू ताणली जाते, आणि लोखंड ताणाच्या बाजूला फाटतं. चीर धडकेच्या दिवशीच पडली की पुढच्या दोन आठवड्यांच्या ब्रेकांनी, हे सांगता येणार नाही. पण स्टिअररची चीर शेवटपर्यंत हँडलला काही कळू देत नाही. तुटते तेव्हा हँडल हातात राहतं आणि चाक निघून जातं.

फ्रेम वाचली का

चिमटा एवढा मागे गेला असेल तर फ्रेमही तपासावीच लागते. समोरच्या धडकेत हेडच्या लगच्या (नळ्या जोडणाऱ्या सांध्याच्या) लगेच मागे खालच्या नळीच्या पोटाला फुगवटा येतो आणि वरच्या नळीलाही खालून बारीक सुरकुती पडू शकते. तो फुगवटा डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतो. नळीच्या पोटावर बोटाने तेलाचा हात फिरवत मागून पुढे आलो. कुठेही उंचवटा नाही. रंगाला आडवी भेग नाही. वरच्या नळीला पट्टी लावली, सरळ. हेड ट्यूबच्या दोन्ही तोंडांचा व्यास आडवा-उभा व्हर्निअरने घेतला, सारखा. फ्रेम शाबूत होती. सगळा मार चिमट्याने घेतला होता.

सरळ करायचा की बदलायचा

ताईंना बोलावलं आणि ती रेषा दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एक जण म्हणाला होता, गरम करून ठोकून देतो. एका तासाचं काम."

तापवून ठोकणं हा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. लाल होईपर्यंत तापवलेली जागा मऊ पडते. शेजारच्या पितळी झाळेला आच लागते. रंग आणि क्रोम जळतं. आणि चीर तशीच राहते, उलट ठोकताना वाढते. जी लोखंडी फ्रेम किंवा चिमटा सरळ करण्याजोगा असतो, तो थंडच सरळ करतात. लांब दांड्याने, थोडं थोडं, दर वेळी मोजून.

थंड सरळ करण्याच्या विरोधात मी मुळीच नाही. पायांचा लांब, सौम्य बाक असेल, सुरकुती नसेल, स्टिअरर आणि क्राउन शाबूत असतील, तर लोखंडी चिमटा एकदा सरळ करून वापरता येतो. मागे एक असा केला होता. पंचवीस मिमी परत आणायला चाळीसच्याही पुढे ढकलावं लागलं, कारण सोडला की तो स्प्रिंगसारखा मागे येतो. आणि दोन पाय कधीच सारखे ऐकत नाहीत. एक आधी सुटतो, दुसरा अडून बसतो, मग चाक तिरकं उभं राहतं. चाक तिरकं कशाने आहे, चाकाच्या आउटने की चिमट्याने, हे कळायला चाक काढून उलटं बसवावं. रिम त्याच बाजूला राहिली तर दोष चिमट्याचा, बाजू बदलली तर चाकाचा. हे काम चिमटा फ्रेममध्ये ठेवून कधी करू नये. सगळा जोर हेड ट्यूबवर आणि वाट्यांवर जातो आणि धड फ्रेम बिघडते. उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पातळ नळ्यांना, उदाहरणार्थ रेनल्ड्स ७५३ला, थंडही वाकवू नये. अॅल्युमिनियम आणि कार्बनचा तर प्रश्नच येत नाही.

पण हे सगळं पायांबद्दल झालं. स्टिअरर वाकला असेल तर माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि इथे तर चीरही होती. "ताई, हा चिमटा मी सरळ करणार नाही. दुसऱ्या कुणी केला तरी मुलाला त्यावर बसू देऊ नका."

एक मधला मार्ग होता. जुने क्राउन आणि पाय ठेवून फक्त स्टिअरर नवीन घालायचा. फ्रेम बांधणारा कुशल कारागीर पितळ वितळवून जुनी नळी काढतो आणि नवी ब्रेझ करतो, म्हणजे पितळाने जोडतो. चिमटा दुर्मीळ असेल, त्यावर हाताची कोरीव क्रोमची कामं असतील, तर मी तेच सुचवेन. इथे पायही वाकलेले होते. मूळ रंग वाचवायचा म्हणून हे करायचं, आणि ब्रेझिंगच्या उष्णतेत नेमका तोच रंग जळणार. तो विचार सोडला.

नवा बसत का नाही

मुलाने विचारलं, "काका, नवीन चिमटा मिळतो की. तो का नाही?" प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून त्याच्याबरोबर बसून एक-एक माप काढलं.

पहिली अडचण आट्यांची. आटे असलेले एक इंची स्टिअरर बहुतेक ठिकाणी इंचाला २४ आट्यांचे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपले २६ ठेवले. नट एक-दोन फेरे जातो, हाताला वाटतं बसतोय, मग आवळतो. पान्याने रेटला तर दोन्हींचे आटे जातात. २४चा चिमटा घ्यायचा तर वरचा कोन आणि लॉकनट २४चे लागणार, आणि ते जुन्या वाटीवर नीट फिरतीलच असं नाही. म्हणजे हळूहळू अख्खा हेडसेट (वाट्या, कोन, छर्रे, नट) बदलायचा.

दुसरी अडचण चाकाची. या रॅलेच्या २६ x १⅜ रिमचा टायर बसतो तो व्यास ५९० मिमी. सहज मिळणारा चिमटा ७००सीचा, ६२२ मिमीच्या चाकासाठी. त्याचे पाय त्रिज्येच्या फरकाने सोळा मिमी लांब. समोर सायकल तेवढी उचलली जाते आणि हेडचा कोन जवळपास एक अंशाने मागे पडतो. अशा चिमट्याचा झोक समजा ४५ मिमी. ७१ अंश आणि ४५ मिमी घालून हिशोब केला तर ट्रेल ६६ मिमी आला. मूळ ४४, वाकलेला ७४, आणि कोरा करकरीत सरळ चिमटा घालून ६६! मुलाने आकडे पुन्हा तपासले, बरोबर निघाले. शिवाय रिम ब्रेकपासून सोळा मिमी दूर जाते, मूळ ब्रेकचे शू तिथवर पोचत नाहीत. चिमटा आत बसला म्हणजे जुळला, असं नसतं.

म्हणून जुळा शोधायचा ठरलं. त्याच चाकाचा, २६ आट्यांचा. एका मोडीत निघालेल्या, मागून दबलेल्या सायकलीचा पुढचा भाग शाबूत मिळाला. फ्रेम मोठ्या मापाची होती, त्यामुळे स्टिअरर लांब. हे सोयीचं, कारण लांब नळी कापता येते, आखूड वाढवता येत नाही. घेतल्यावर त्याचीही तीच तपासणी केली, पट्टी, दिवा, पेनिट्रंट. कुठेही रेषा नाही. जुना सुटा भाग म्हणजे आपल्याला ठाऊक नसलेला इतिहास असतो, तो तपासल्याशिवाय मी बसवत नाही.

बसवणी

जुना स्टिअरर १९६ मिमी, नवा २२१. पंचवीस कापायचे. कापण्याआधी हेडसेटचे सगळे तुकडे एकावर एक रचून मोजले, लॅम्प ब्रॅकेटसकट. तो पत्रा विसरला तर शेवटी लॉकनटला आटेच उरत नाहीत.

दोन जुने नट नळीवर चढवले, खुणेपाशी एकमेकांवर आवळले आणि त्यांच्या कडेने करवत चालवली. कापलेलं तोंड कानशीने सपाट केलं, आतली-बाहेरची धार मोडली, मग नट सोडवून बाहेर आणले. बाहेर येताना ते कापाने बिघडलेला पहिला आटा सरळ करत येतात. नट हाताने फिरत वर आला तेव्हा जिवाला बरं वाटलं.

कापून आटे ३० मिमी उरले. हेडसेटला ते पुरेसे होते. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारी स्टिअररच्या आत जाणारी दांडी, मात्र आता खोल घालावा लागणार होता. त्याच्या टोकाचा फुगणारा भाग आट्यांच्या पट्ट्याखाली गेला पाहिजे. आटे पाडलेल्या जागी नळी पातळ असते आणि तिथे स्टेम फुगवला तर नळी फुगते, कालांतराने चिरते. स्टेमवर बाहेरून पेन्सिलीने खूण केली आणि ती खूण आत जाईपर्यंत उतरवला. हँडल पूर्वीपेक्षा थोडं खाली आलं. मुलाला ते चाललं.

बाकी काम सरळ होतं. जुना कोन स्वच्छ होता, तोच नव्या बैठकीवर नळीने ठोकून बसवला, खाली उजेड दिसेनासा होईपर्यंत. छर्रे नवे घातले, खड्डे नसल्यामुळे वाट्या जुन्याच ठेवल्या. पुढच्या चाकाचा आउट काढला, चाक उलटसुलट बसवून पाहिलं, दोन्ही वेळा मधोमध. ब्रेकचे शू नवे टाकले. दुसऱ्या सायकलीवरून आलेल्या या चिमट्याचा रंग वेगळा होता, जरा फिकट हिरवा. ताईंनी तो रंगवू नका म्हणून सांगितलं.

मुलाने सायकल अंगणात एका हाताने आठच्या आकड्यात फिरवली. पंधरा दिवसांनी हेडसेट पुन्हा उघडला, छर्रे आपली जागा धरतात तेव्हा थोडी ढील येतेच, ती काढली. स्टेमच्या जागी, क्राउनपाशी, काही हललेलं नाही.

जुना चिमटा ताईंनी घरी नेला. नेण्याआधी त्यांच्या परवानगीने स्टिअररवर मधोमध करवतीने अर्ध्यापर्यंत खाच मारली, म्हणजे पुढे कधी कुणी अडगळीतून काढून तो सरळ करायला घेणार नाही. पेनिट्रंटची गुलाबी रेषा पुसलेली नाही. ती ताईंनीच ठेवायला सांगितली.